‘मफल्ड’चं कार्ड

प्रिय ताई,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला गेलाय, त्यातून भलता अर्थ काढू नकोस. अर्थ काढणं हे तुझं काम, ते तू आयुष्यभर केलंस. आज जरा थांब आणि नुसतं वाच. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘टिटवे, ओरडू नकोस’ म्हणाली असतीस आणि मी निमूट गप्प बसले असते. मला आज गप्प बसायचं नाही. नऊ वर्षं बसले, पुष्कळ झालं.

तर तुझ्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं, ‘एम’ अक्षराच्या कार्डांचं खोकं कोशाच्या कार्यालयात पोचलं. चार महिन्यांनी तुझा फोन आला, एका दमात तू बाबांची तब्येत विचारलीस आणि त्याच दमात काम सांगितलंस. माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे, छपाई तेवढ्यासाठी अडलीय, कोशाचे मोठे सर मागे लागलेत, नेऊन दे, आणि उघडू नकोस, क्रम बिघडेल. मी म्हटलं, बरं. तीन माणसं ऐसपैस बसतील असे सोफे मी जिन्यावरून चढवते-उतरवते, एका पुठ्ठ्याच्या खोक्याचं काय घेऊन बसलीस! पण खोक्याचा तळ ओलीने कुजलेला होता. वरून पाचव्या पायरीवर तो सुटला आणि बाराशे कार्डं उधळत खाली पार बाबांच्या टेबलापर्यंत गेली. बाबा दुरुस्तीला आलेलं एक घड्याळ उघडून बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मी त्याचं काही मनावर घेतलं नाही, कारण ते माझ्याकडे बघतच नाहीत. का बघत नाहीत ते तुला माहीत आहे. आईच्या शिवणाच्या खोलीच्या दाराला मी आवाज अडवणारी गादी लावली, आणि त्या दारामागे आई दोन तास पडून राहिली, कोणाला तिची हाक ऐकू आली नाही, म्हणून. निदान हे खोकं सांडेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

कार्डं उचलून लावायला तीन संध्याकाळी गेल्या. खरं सांगू, पहिल्या दोन संध्याकाळी मजा आली. तुझं अक्षर किती दिवसांनी पाहिलं. मला इंग्रजी येतं ते रेक्झिनच्या गुंडाळीवरचं लेबल वाचण्यापुरतं, पण खाली आपल्या भाषेत तू अर्थ दिलेला, आणि अर्थाखाली एक वाक्य. मी कायम तुझी चेष्टा करायचे, की आम्ही घाम गाळतो आणि आमची ताई शब्द वेचते. पण कार्ड पालटून मागची बाजू बघायला लागले तसा माझा थट्टेचा सूर उतरला. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर जागा, दिवस, वेळ. ‘मोठे सर, जेवणाच्या सुट्टीत.’ ‘बसथांबा, दोन बायका.’ ‘वर्तमानपत्र, पान तीन.’ तुला आठवतं, तू नवीन लागलीस तेव्हा जेवताना सांगितलं होतंस? तुझ्याबरोबरच्या एका मुलीने ‘गाय दूध देते’ असं वाक्य लिहून दिलं, तर सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘कुठली गाय?’ कार्यालयात बसून वाक्यं रचायची नाहीत, वाचलेलं द्या नाहीतर स्वतः ऐकलेलं-पाहिलेलं द्या, आणि मागे पुरावा लिहा, हा त्यांचा नियम. आई इतकी हसली होती की तिला ठसका लागला. त्यानंतर आपल्या घरात कोणीही थाप मारली की दुसरा म्हणायचा, कुठली गाय? बाबासुद्धा म्हणायचे.

तिसऱ्या संध्याकाळी मड झालं, मडल झालं, मफिन झालं, मफलर झालं. आणि त्यांच्यामध्ये बसणारं एक कार्ड जिन्याच्या फटीत उभं अडकलेलं होतं, ते मी कात्रीच्या टोकाने बाहेर काढलं. मफल्ड. अर्थ: दबका, मंद, अस्पष्ट (आवाज). खाली वाक्य: ‘तिने दोनदा हाक मारली, पण जाड दाराआडून तिचा आवाज दबका आला.’

आधी तुझ्या अर्थाशी भांडते, मग बाकीचं. ‘मंद’ हा शब्द तू तिथे घातलास तो साफ चूक आहे. तू खुर्चीवर बसून लिहिलास, मी ती वस्तू हाताने बनवलीय. आवाज मंद होत नाही, ताई. आवाज जिथे निघतो तिथे तो जेवढ्यास तेवढाच असतो. मधे कोणीतरी काहीतरी आणून ठेवतं. आधी तागाचं कापड, मग चार बोटं फोम, त्यावर कापसाचा थर, वर रेक्झिन, आणि वीतवीत अंतरावर पितळी टोप्यांचे खिळे. खालच्या फटीला रबराची पट्टी. हे सगळं लावून झालं की आतलं माणूस जीव खाऊन ओरडलं तरी बाहेर काय येतं, तर उशीत तोंड खुपसून कोणीतरी बोलल्यासारखं. बाहेरच्याला वाटतं, हळूच हाक मारतंय, काही घाई दिसत नाही. म्हणून म्हणते, मंद लिहू नकोस. ज्याला तो शब्द शिकायचा आहे त्याला हे कळलं पाहिजे, की असा आवाज आला तर ते माणूस हळू बोलतंय असं समजायचं नाही. कोशात एवढं लिहायला जागा नसते म्हणशील. मग जागा कर.

दार मी का बनवलं ते पुन्हा सांगायला नको, पण सांगते, कारण नऊ वर्षांत त्याची भलतीच गोष्ट झाली आहे. आईकडे शाळेच्या गणवेशांचं काम असायचं आणि तिची मशीन खडखडायची. बाबांची अर्धशिशी उठली की ते पडदे ओढून, कानात कापसाचे बोळे घालून पुढच्या खोलीत पडायचे आणि आई मशीन बंद करून हात बांधून बसायची. दोघंही बिचारी. मी तेव्हा नुकती सोफ्याच्या कारखान्यात हात बसवत होते. एका डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीला आम्ही तसं दार केलं होतं, त्यातलं उरलेलं रेक्झिन मालकांनी मला दिलं. दोन रविवार खपून मी आईच्या दाराला आतून गादी लावली. आई किती खूश झाली होती! तिने दिवसभर मशीन पळवली आणि बाहेर येऊन म्हणाली, आता मी आत बेसूर गायले तरी मला कोणी बोलणार नाही. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तूही म्हणालीस, टिटवीने आयुष्यात पहिल्यांदा घरातला आवाज कमी केला. हे सगळं तुम्हा दोघांच्या डोक्यातून पार पुसलं गेलंय.

कार्ड मी पालटलं. वाटलं, कुठलं तरी नाटकबिटक असेल, नाहीतर कार्यालयातल्या कोणा बाईंची गोष्ट असेल. तुझं अक्षर नेहमीसारखं देखणं होतं. ‘स्वतः ऐकलं. घर, जिना. दुपारी चार दहा.’ आणि तारीख. ती तारीख मी इथे लिहीत नाही. ती तुला पाठ आहे, मला पाठ आहे, आणि आई पडली तो दिवस म्हणून बाबांच्या टेबलावरच्या तिच्या फोटोच्या मागे ती लिहिलेली आहे.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ते मी त्या जिन्यावर अनुभवलं. आधी वाटलं, मला वाचता येत नाहीये. अक्षर लावून लावून पुन्हा वाचलं. सव्वासहाला मी कारखान्यातून आले, वर गेले, दार ढकललं तर ते उघडेना, कारण आई दाराला टेकून पडली होती. तेव्हा ती जिवंत होती, आणि पुढे दोन दिवस ती दवाखान्यात होती, एक शब्द न बोलता. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका आहे, तास-दीड तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. आणि त्या दवाखान्याच्या बाकावर, मावशीसमोर, शेजारच्या काकूंसमोर, बाबांसमोर तू म्हणालीस, ‘मी जिन्यातच बसले होते, साडेचारपर्यंत. मला काही ऐकूच आलं नाही. येणार कसं त्या दारातून?’ मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. ‘दार तू बंद केलंस,’ एवढं ते म्हणाले, आणि त्यानंतर आजतागायत एक शब्द नाही. मी तेव्हा काय केलं, आठवतं? तुझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. तू माझ्या केसांवरून हात फिरवत होतीस. तो हात आठवला की आता मला किळस येते.

घरी आल्यावर मी दारावरून ती गादी उपटून काढली. आतल्या बाजूला, खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर रेक्झिनला कात्रीचे खोल वार होते. सात. ती दार वाजवत होती, ताई, हातात होतं त्याने वाजवत होती, आणि माझा फोम तो आवाज गिळत होता. तो तुकडा मी कापून ठेवलाय, माझ्या ट्रंकेत तळाशी. तुला कधी दाखवला नाही, तुला त्रास होईल म्हणून. तुला त्रास होईल म्हणून! तेव्हापासून मी एकाही दाराला गादी लावलेली नाही. वकील आले, गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या, सगळ्यांना नाही म्हटलं, कारण विचारलं तर जमत नाही म्हटलं. मालक म्हणायचे, तुझ्यासारखं दार कोणाला येत नाही आणि तुलाच ते करायचं नाही, काय खूळ आहे? ते खूळ तू दिलेलं होतंस, आणि मी ते सांभाळून ठेवलं.

आणि बाबा. तू वर्षातून एकदा येतेस, दोन दिवस राहतेस, तुझ्याशी ते घड्याळांविषयी तास तास बोलतात, मग तुला वाटतं घर तसं ठीक चाललंय. ठीक म्हणजे कसं ते ऐक. मी ताट वाढते. ते भिंतीला सांगतात, मीठ कमी आहे. मी आजारी पडले की काकूंना हाक मारून म्हणतात, आत कोणाला तरी ताप आहे वाटतं. कोणाला तरी! माझंही चुकलं, मी घर सोडून जायला हवं होतं. पण मग त्यांना ताट कोणी वाढलं असतं, तू?

खोकं द्यायला गेले तेव्हा मोठ्या सरांनी मला बसवून घेतलं. म्हातारे झालेत, पण यादीवरून एकेक कार्ड स्वतः तपासत होते. म्हणाले, ‘तुमच्या ताईंसारखं काम कोणी केलं नाही. एवढ्या वर्षांत एक वाक्य मनाने रचलेलं नाही, एक वेळ चुकीची नाही.’ मी हसले. मोठ्याने हसले, त्यांना वाटलं मला आनंद झाला. ताई, तू घरात सगळ्यांच्या तोंडावर खोटं बोललीस आणि एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तुला खोटं लिहिता आलं नाही. चार दहाऐवजी सकाळचे दहा लिहायचंस, नाटकाचं नाव लिहायचंस, फाडून चुलीत घालायचंस. नाही. कार्ड खरं पाहिजे. सरांनी विचारलं, मफल्डचं कार्ड कुठे आहे? मी म्हटलं, ते ताईकडे आहे.

त्या दुपारी काय झालं असेल ते मी इतक्यांदा डोळ्यांपुढे आणलंय की मीच जिन्यात बसले होते असं वाटतं. तू आठवडाभर त्या शब्दासाठी वाक्य शोधत होतीस. ते मला आठवतं, कारण जेवताना तू विचारलं होतंस, टिटवे, तुझ्या कारखान्यात आवाज दबतो त्याला काय म्हणतात? मी म्हटलं होतं, काही म्हणत नाही, आम्ही दाबतो आणि घरी जातो. मग त्या दिवशी, बाबा अर्धशिशीने कानात बोळे घालून पुढच्या खोलीत पडलेले असताना, चार दहाला आईने हाक मारली. आई दिवसातून वीस वेळा हाक मारायची, सुईत दोरा ओव, चहा ठेव, बाहेर कपडे वाळले का बघ. तुला वाटलं, त्यातलीच. आणि तुझ्या कानांनी ती हाक ऐकली नाही, शब्द ऐकला. हवं होतं ते वाक्य आयतं जिन्यावरून खाली आलं. तू कार्ड काढलंस, लिहिलंस, पालटून वेळ घातलीस. मग साडेचारची बस होती. कार्यालयातून येऊन बघू, असं म्हणाली असशील. इथपर्यंत मी तुला माफ करू शकते. खरंच. माझ्या हातून असं काही झालं नसतं अशी शपथ मी घेणार नाही. मीही टाके मोजताना बाबांच्या तीन हाका ऐकून न ऐकल्यासारख्या केल्यात. आई वाचली असती का, तेही मला माहीत नाही.

माफ होत नाही ते नंतरचं. बाकावर एक वाक्य बोललीस ते घाबरून, चल, तेही धरू. पण दुसऱ्या दिवशी? महिन्याने? बाबा भिंतीशी बोलतात हे बघितलंस तेव्हा? नऊ वर्षांत एकदाही तुला असं वाटलं नाही, की हिच्या डोक्यावरचं अर्धं ओझं माझं आहे? लहानपणी कुठलीही वस्तू वाटायची असली की आईचा नियम होता, एकीने कापायचं आणि दुसरीने आधी उचलायचं. तू कापायचीस, इतकं बरोबर मधोमध की मला उचलायला पंचाईत व्हायची. ही एकच गोष्ट तू कापली नाहीस. अख्खी माझ्या ताटात टाकलीस आणि हात झटकून परगावी गेलीस. आणि आता मला म्हणतेस, खोकं नेऊन दे आणि उघडू नकोस. कार्ड त्यात आहे हे विसरली होतीस? की मला ते सापडावं, म्हणजे तुझ्याऐवजी मीच बोलेन, असं होतं मनात? दोन्हीपैकी काय जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

कार्ड या पत्रासोबत पाठवते आहे. सरांनी महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हटलंय, त्यांना काय द्यायचं ते तुझं तू बघ, मला तुझ्या कोशाशी घेणंदेणं नाही. मी पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. परवा एका बाईंनी चावीचं जुनं गजराचं घड्याळ आणलं, तेल घालून द्या म्हणाल्या. बाबांनी ते नेहमीसारखं कानाला लावलं, बराच वेळ लावलं, आणि भिंतीला म्हणाले, बंद पडलंय. मी मागे उभी होते, ताई. मला तिथून टिकटिक ऐकू येत होती. मग मला तो जिना आठवला, बाराशे कार्डं आणि एक अख्खं खोकं त्यांच्या पायाशी येऊन पडलं आणि त्यांनी मान वर केली नाही. काकूंना सोबत देऊन त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डावा कान गेला आहे, उजवा जातो आहे, यंत्राचा फारसा उपयोग नाही, फार तर सहा महिने, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना सगळं लिहून दाखवू शकते. कार्ड त्यांच्यापुढे ठेवू शकते. पण मी ठेवलं तर ते भिंतीला विचारतील, कुठली गाय? आणि मला ते कागदावर नकोच आहे. मला नऊ वर्षं कानांनी ऐकावं लागलं, त्यांनीही कानांनीच ऐकावं, तुझ्या तोंडून. तेव्हा ये. या रविवारी ये, काम असेल तर बाजूला ठेव. दार उघडं असतं, मी आता कशालाच काही लावत नाही. त्यांच्या उजव्या बाजूला बस, आणि ताई, हळू बोलू नकोस.

तुझीच,
टिटवी